साडेनऊ मिलिमीटरची विजया

यज्ञेश्वर विष्णुपंत मिरजगावकर यांच्या घरी नाताळ दिवाळीत यायचा.

अहमदनगरच्या तोफखाना भागात त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पाडव्याला दिवेलागण झाली की पुढच्या खोलीच्या भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून बांधलं जाई. शेजारपाजारची मुलं चकल्या हातात घेऊन खाली बसत. यज्ञेश्वरराव पत्र्याची ट्रंक उघडत. आतून कापराचा वास येई, देवघरात येतो तसा. मग मशीन खडखडू लागे आणि धोतरावर बर्फ पडू लागे. पांढऱ्या दाढीचा एक जाडा म्हातारा घसरगाडीतून येई, धुराड्यात अडकून पाय झाडी. नगरच्या ऑक्टोबरात घामेजलेली मुलं हसून लोळत. बर्फ कोणीच पाहिलेला नव्हता. एका वर्षी सूर्यभान आला होता, तो म्हणाला, "एवढी साखर सांडलीय आन् कोन उचलंना व्हय?" सूर्यभान श्रीगोंद्याकडचा, जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवणारा. मिरजगावकरांच्या मशीनचा पट्टा तुटला की तोच बसवून देई.

मशीन आणि अकरा डबे मिशनच्या बंगल्यातून आले होते. यज्ञेश्वररावांचे वडील विष्णुपंत तिथल्या मॅडमना मराठी शिकवायला जात. १९४९ मध्ये साहेब आणि मॅडम कायमचे आपल्या देशी निघाले तेव्हा घरसामानाचा लिलाव झाला. लोकांनी टेबलं, खाटा, चिनी मातीची भांडी घेतली. यज्ञेश्वररावांनी, लोकल बोर्डातल्या तिशीतल्या कारकुनानं, सिनेमाचं मशीन घेतलं. त्याला खरं तर एकच डबा हवा होता. त्या डब्यात त्याची मुलगी होती.

विजया १९४८ साली मेंदूच्या तापानं गेली, सात वर्षांची असताना. तिचा फोटो नव्हता. विष्णुपंतांच्या मते लहान मुलाचा फोटो काढला की आयुष्य कमी होतं, आणि त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नसे. मात्र १९४६ च्या नाताळात ते स्वतःच नातीला बंगल्यावरचा कार्यक्रम दाखवायला घेऊन गेले. तिथं साहेब डोळ्याला एक पेटी लावून उभा होता. विष्णुपंतांना वाटलं, दुर्बीण असेल.

म्हणून ती चाळीस सेकंद शिल्लक राहिली. परकर-पोलक्यातली मुलगी, हातात केकचा तुकडा. कोणीतरी दिलेला. ती आजोबांकडे बघते. आजोबा मानेनं नाही म्हणतात, केकमध्ये अंडं असतं. मुलगी तुकडा तसाच धरून उभी राहते. मग साहेबाच्या पेटीकडे बघते, पाठ वळवते आणि चालू लागते. चार पावलं गेल्यावर हात तोंडाकडे जातो.

हे रीळ सर्वांत शेवटी लागे. त्याआधी यज्ञेश्वरराव आतल्या खोलीकडे बघून म्हणत, "अगं, ये." सरोजिनीबाई तळणाची कढई उतरवून, हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहत. बसत कधीच नसत. मुलीचा हात तोंडाकडे गेला की म्हणत, "खाल्लंन् गं बाई!" सगळी मुलं हसत. बाईही हसत. लगेच आत जात, आणि कढई पुन्हा चुलीवर चढल्याचा आवाज येई. चोवीस वर्षं हे असं चाललं होतं.

या चोवीस वर्षांत फिल्म मात्र बदलत गेली. मिशनची फिल्म साडेनऊ मिलिमीटर रुंदीची, तिची भोकं मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये. मशीनमधली एक बारीक नखी त्या भोकात शिरून फिल्म खाली ओढते. पुढे तशी फिल्म बाजारात येईनाशी झाली. आठ मिलिमीटरची आली, तिची भोकं कडेला. यज्ञेश्वरराव मुंबईला लग्नाला गेले की जुन्या बाजारात शिरत आणि दिवाळीसाठी एखादं रीळ घेऊन येत. कधी सर्कस, कधी नाताळच्या झाडाभोवती नाचणारी अस्वलं. त्यासाठी दुसरं मशीन आलं. जुनी रिळं त्यात बसत नव्हती. नंतर तेही जुनं ठरलं. आता नव्या आठच्या फिल्मची भोकं आणखी बारीक आणि चित्र मोठं. मुलगा राधाकृष्ण पिंपरीच्या कारखान्यात लागला होता, तो सुट्टीला आला की सांगे, "अण्णा, तुमची आठची फिल्मसुद्धा आता कोणी घेत नाही. आणि आता मुंबईला टेलिव्हिजन आलाय. घरबसल्या चित्र. रीळ नाही, काही नाही."

"मग ते चित्र ठेवायचं कशात?"

"ठेवायचं नाही. बघायचं आणि सोडून द्यायचं."

यज्ञेश्वररावांनी ट्रंक लावून टाकली. तिच्यात आता दोन जातींची रिळं होती आणि एकीचं मशीन दुसरीला चालत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात पाडव्याचा खेळ झाला नाही. गल्लीत पाण्याच्या टँकरपुढे घागरींची रांग असे. त्या वर्षी धोतरावर बर्फ पाडायला त्यांचं मन धजलं नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सूर्यभान मशीनचा पट्टा बघायला आला, तेव्हा त्यानं विजयाचा डबा उघडून नाकाशी नेला.

"भाऊसाहेब, ही आंबलीय."

"फिल्म कशी आंबेल?"

"आमच्याकडं गठ्ठ्यानं आंबत्यात. आधी वास मारती, मग आकसती, मग वाकडी हुती. म्हाताऱ्या मानसावानी. गार जागी ठिवा. उनाचं नाव बी काढू नका. आन् दुसऱ्या फिलमवर उतरून घ्यायची आसंल तर ह्याच साली घ्या. पुढल्या साली ही मशीनला हात लावू द्यायची न्हाई."

हे बोलणं ओसरीवर झालं. सरोजिनीबाई तेव्हा नळावर होत्या. यज्ञेश्वररावांनी त्यांना ते सांगितलं नाही. ट्रंकेला त्या कधी हात लावत नसत, हे एक. आणि आपल्या मुलीचा डबा आंबलाय हे वाक्य बायकोपुढे कसं उच्चारायचं, हे दुसरं.

पुण्यातल्या एका फोटोवाल्यानं रीळ बघून हात जोडले. मुंबईहून कार्ड आलं: या मापाचं काम आता होत नाही. शेवटी राधाकृष्णनंच तोड काढली. त्याच्या कारखान्यातल्या साहेबांकडे परदेशातून आणलेला नव्या जातीचा कॅमेरा होता. रीळ धोतरावर दाखवायचं आणि समोरून त्या चित्राचं चित्र घ्यायचं. एकदाच चाललं तरी पुरे. कॅमेरा दिवाळीपुरता मिळाला. यज्ञेश्वररावांनी मुलाला पत्रात लिहिलं, "मी रीळ तोवर उघडत नाही. तू ये."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सरोजिनीबाईंनी घर साफसफाईला काढलं. गाद्या, गोधड्या, डाळींचे डबे, पोथ्या, सगळं गच्चीवर गेलं. यज्ञेश्वरराव कचेरीत होते. ट्रंकेखालची जमीन सारवायची म्हणून बाईंनी ट्रंक ओढली आणि त्यांना वास आला. कापराखालून येणारा आंबट वास. त्या वासाचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पिठाला येतो, उशांना येतो, पावसाळ्यानंतर पोथ्यांनाही येतो. त्याला ऊन दाखवायचं.

वास फक्त त्या एका डब्याला होता. कोणता डबा ते त्यांनी ओळखलं. रीळ त्यांनी गच्चीवर नेलं, जुन्या लुगड्यावर ठेवलं. हवा आतपर्यंत जावी म्हणून वेटोळी सैल केली. कावळा चोच मारेल म्हणून वर तलम धोतर टाकलं. अकरापासून चारपर्यंत दोनदा उलटवलं. मग डबा पुसून, नवा कापूर आणि कडुलिंबाची पानं घालून परत जागेवर ठेवलं.

पाडव्याच्या संध्याकाळी खोलीत मुलं बसली. राधाकृष्णनं तीन पाट एकावर एक रचून त्यावर कॅमेरा ठेवला. या खेपेला बर्फाची रिळं नव्हती. आधी विजया, मग बाकीचं. यज्ञेश्वररावांनी डबा उघडला.

फिल्मच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या.

त्यांनी बोट लावलं. फिल्म सरळ होईना. वरची पानं अजून हिरवट होती, आठवड्याभरातली.

"अगं, हा डबा कोणी काढला होता?"

"मीच की," आतून उत्तर आलं. सरोजिनीबाई दारात आल्या. यंदा बोलावण्याआधीच आल्या होत्या. "कसला वास मारत होता! तुमचं लक्षच नसतं. दिवसभर ऊन दाखवलं बघा. आता बघा, आहे का वास?"

यज्ञेश्वररावांनी डबा नाकाशी नेला. नुसता कापराचा आणि कडुलिंबाचा वास होता.

"नाही," ते म्हणाले.

राधाकृष्ण जवळ येऊन वाकला. त्यानं फिल्म पाहिली आणि मान वर केली. "आई, अगं उन्हात–"

"राधाकृष्ण, दिवा घालव."

"अण्णा, पण–"

"दिवा घालव म्हणतो ना."

मुलानं दिवा घालवला नाही. तो वडिलांच्या कानाशी लागला. "नका चालवू. फाटेल. राहू दे असंच डब्यात."

यज्ञेश्वरराव रीळ हातात धरून उभे राहिले. पुढल्या साली ही मशीनला हात लावू देणार नव्हती, ते सूर्यभाननं सांगितलं होतं. पुढल्या सालापर्यंत ही थांबणारही नव्हती. न चालवता ठेवली तर डब्यात मुलगी राहील, पण ती दिसणार नाही. चालवली तर एकदा दिसेल, आणि मग डब्यातही राहणार नाही. खाली मुलं चुळबुळत होती. एकजण म्हणाला, "काका, दाढीवाला लावा ना!" त्याला दुसऱ्यानं कोपरखळी मारली.

"कॅमेरा सुरू कर," यज्ञेश्वरराव म्हणाले.

त्यांनी फिल्म दोन्ही हातांनी दाबून मशीनच्या फटीत बसवली. राधाकृष्णनं दिवा घालवला आणि खडखड सुरू झाली. धोतरावर बंगल्याचं फाटक आलं, ते वरखाली उडत होतं. माणसं आली, त्यांची डोकी वर आणि पाय त्याहून वर. नखी भोकात बसत नव्हती. बसली की ओरखडत होती. यज्ञेश्वरराव बोटानं फिल्म दाबून धरत होते. बोट भाजत होतं. मग ती आली. थरथरत, अर्धी धुरकट, हातात तुकडा. आजोबांकडे बघितलं. आजोबांची मान हलली की मशीन हललं ते कळलं नाही. ती पेटीकडे वळली, आणि मशीनमधून कागद टरकवल्यासारखा आवाज झाला. धोतर पांढरंफटक झालं.

दारातून सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो, पुढचं?"

मशीन तसंच फिरत होतं. रिळाचं तुटलेलं टोक टकटक आपटत होतं.

"मशीन म्हातारं झालंय," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मशीननं फाडली."

"चिकटवता येईल ना? मागं सूर्यभाननं चिकटवली होती."

"बघू."

फिल्म मशीनमधून काढली तेव्हा तिच्या मधोमध भोकांच्या जागी एक लांबच लांब चीर होती. राधाकृष्णनं दिवा लावला, आणि कॅमेऱ्यात ते आलंय, असं आईला सांगितलं. चुलीवर तेल तापलं होतं म्हणून बाई आत गेल्या. मुलांनी अस्वलांचं रीळ मागितलं, ते त्यांना लावून दिलं.

कॅमेऱ्यातली फिल्म मुंबईला धुवायला गेली. जानेवारीत पाकीट आलं. ती रंगीत फिल्म होती, भर उन्हात चित्र घेण्यासाठी केलेली. धोतरावरचा उजेड तिला पुरला नव्हता. तीन मिनिटं काळोख होता. राधाकृष्णनं तो वडिलांना एकट्यांना दाखवला, साहेबांच्या मशीनवर, पिंपरीला. यज्ञेश्वरराव शेवटपर्यंत बसून राहिले. परतीच्या एस.टी.त नगरच्या वेशीवरचं केडगाव आलं तरी त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, "नीट आलं नाही."

"अगदी काहीच?"

"काहीच."

सरोजिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट थोडं पुढे ढकललं, परत जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? तिचा तो परकर कोणत्या रंगाचा होता हो?"

यज्ञेश्वरराव आठवू लागले. त्यांना परकर दिसत होता. त्याच्या चुण्या दिसत होत्या, डाव्या बाजूला उसवलेला काठ दिसत होता. पण तो राखाडी होता. तिचा चेहराही राखाडी होता, हात राखाडी, केक काळा. त्यामागची, रंग असलेली विजया त्यांनी चोवीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. दर पाडव्याला भिंतीवर येणारी पुरत होती.

"तूच शिवला होतास ना?" ते म्हणाले.

"हो. मीच. हातानं." बाई ताटातल्या तांदळाकडे बघत राहिल्या. "कापड बाजारातून आणलं होतं, ते आठवतंय. मामंजींबरोबर गेले होते. दुकान आठवतंय. रंग नाही आठवत."

"निळा असेल," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"निळा?"

"मला आपलं वाटतं."

सरोजिनीबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते यज्ञेश्वररावांनी विचारलं नाही.