उत्पलाची उंची घ्यायची राहिली होती

मंजुश्री कामाला निघाली की उदगीरच्या त्यांच्या गल्लीला ते कळतंच. एक तर ती जिना उतरता उतरता बोलत असते, घरातल्यांशी कानडीत आणि दाराबाहेर मराठीत. शिवाय खांद्याला अडकवलेली लाकडी फळी चौकटीला धडकते. लहान लेकरांची उंची मोजायची फळी आहे ती. तिचे वडील शिवमूर्ती यांचं खाली किराणा दुकान. ते म्हणायचे, "एवढं एम.ए. केलंस ते लेकरं मोजायला का गं?"

"हाव अप्पा," ती म्हणायची, "लई मजा येते."

आणि तिला खरंच मजा यायची. एका संस्थेनं नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत गरीब घरच्या आयांच्या खात्यात दर महिन्याला थोडी रक्कम टाकायचं ठरवलं होतं. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत, खर्चाची कसलीही अट न घालता. या पैशानं घरात नेमकं काय बदलतं, ते बघायचं होतं. म्हणून पैसे सुरू व्हायच्या आधीच मंजुश्री आणि तिच्या सोबतच्या मुली घरोघर गेल्या. लेकरांची उंची-वजनं घेतली. चुलीवर काय शिजतं, आजारपणात कुठं जाता, पोटासाठी गाव सोडावं लागतं का, हे सगळं विचारून घेतलं. दोन वर्षांनी पुन्हा त्याच घरी जायचं होतं.

त्या दुसऱ्या फेरीची मंजुश्रीला बोर्डाच्या निकालासारखी ओढ लागली होती. कंधार तालुक्यातल्या पहिल्याच गावात तिचे पाय जमिनीवर ठरेनात. मागच्या खेपेला फळी पाहून भोकाड पसरलेला पोरगा आता आपणहून फळीवर चढून ताठ उभा राहिला. एका घरी उकडलेलं अंडं तिच्या हातावर ठेवून बाई म्हणाली, "खा, आता घरात असतेत." मंजुश्री लिहीत होती, हसत होती, पुढच्या दाराकडं पळत होती.

गावाच्या टोकाला धम्मप्रियाचं घर. तिथं मात्र कुलूप.

धम्मप्रियाची लेक उत्पला तिला चांगली आठवत होती. मागच्या वेळी वजनकाटा हातातून निसटून फरशीवर आपटला होता. अंगणातली सगळी लेकरं दचकली, पण उत्पला आपल्याच तंद्रीत मातीशी खेळत राहिली. "शांत हाय आमची," धम्मप्रिया म्हणाली होती, आणि बोलताना लेकीकडं न बघता जमिनीकडं बघत होती.

शेजारचा केरबा शेळ्या सोडत होता. मंजुश्रीनं विचारलं, "काका, हे लोक कुठं गेले?"

"गेले की बिऱ्हाड घेऊन. लई दिवस झाले."

मंजुश्रीनं खांद्यावरची फळी खाली टेकवली. "वीटभट्टीवर?"

"न्हाई हो. लातूरला. पोरीला ऐकू येत नव्हतं ना, तिथं एक शाळा हाय म्हणं."

मंजुश्रीनं तिथूनच नांदेडच्या ऑफिसात अंबरीश सरांना फोन लावला. हे काम त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. ते म्हणाले, "घर हललं असेल तर 'स्थलांतर' लिहा. ते हालाखीचं लक्षण म्हणून धरलं जाईल."

"पण सर, ही हालाखीनं गेलीच न्हाई वाटतं. मला बघून येऊ द्या."

मग सर म्हणाले, "पत्ता नाही, काही नाही. सापडेल?"

"सापडल."

"जा मग. मलाही ऐकायचंय."

कंधारहून अहमदपूर, अहमदपूरहून लातूर. एसटीत कंडक्टरनं फळीला हाफ तिकीट लागेल का म्हणून विचारलं, तर हिनं त्यालाच फळीला टेकवून उंची सांगितली. अख्खी गाडी हसली. लातुरात उतरल्यावर रिक्षावाला तिला ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेत घेऊन गेला. तिथं उत्पला नावाची मुलगी नव्हती. दुसऱ्या शाळेच्या वॉचमननं मागच्या गल्लीकडं बोट केलं, "मेसमध्ये भाकरी करते तिची आई."

धम्मप्रिया खरंच परातीपाशी बसली होती. वर बघितलं आणि पिठाचे हात तसेच हवेत राहिले. "मंजुश्रीताई? फळीसकट?"

कोपऱ्यात पाठमोरी उत्पला डब्यांची झाकणं रचत होती. दोन्ही कानांमागं लहानशी यंत्रं. धम्मप्रियानं नेहमीच्या आवाजात हाक मारली, "उत्पला."

पोरीनं वळून पाहिलं.

"अय्यो शिवने," मंजुश्री कानडीत पुटपुटली आणि तिथंच पोत्यावर बसली. मग तिच्याकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कधी कळलं, कुणी सांगितलं, मशीन कुठून आणलं.

"मशीन सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं, ताई," धम्मप्रिया म्हणाली. "अवघड होतं ते तिथवर जाणं. एकदा कुणीबी जातं. पण आधी तपासणी, मग कानाचा साचा, मग मशीन, मग ते नीट लावायला परत. दर खेपेला गाडीभाडं जातं आन् त्या दिवसाची मजुरीबी बुडते. सासू म्हणायची, बोलंल चार वर्षांची झाल्यावर. मग ते पैसे यायला लागले. पुढच्या महिन्यातबी येणार हे ठाऊक होतं. तवा डॉक्टरांना म्हणलं, तुम्ही द्याल त्या तारखेला येते."

दवाखान्यातूनच कुणीतरी या शाळेचं नाव सांगितलं होतं. नवऱ्याला लातुरात सेंट्रिंगचं काम मिळालं. तिला एकच घोर होता. "गाव सोडलं म्हणून पैसे बंद होतेत का?"

"न्हाई. खातं तुमच्या नावावर हाय. कुठंबी राहा."

धम्मप्रियानं डोळे पुसले आणि भाकरी तव्यावर टाकली.

मग उत्पला फळीवर उभी राहिली. डोक्यावरची पट्टी सरकून टक् असा आवाज झाला आणि ती खुदकन हसली. तिनं बोटानं खूण केली, पुन्हा. टक्. पुन्हा. उंची केव्हाच लिहून झाली होती, तरी मंजुश्री पट्टी वरखाली करत बसली.

गल्लीत येऊन तिनं अंबरीश सरांना फोन लावला. "सर, फॉर्मवर गाव सोडण्याच्या कारणात 'इतर'च्या पुढं किती अक्षरं मावतेत?"

"आधी मला सांगा," ते म्हणाले. ती सांगत गेली. शेवटी सर एवढंच म्हणाले, "आता कुलूप लागलेली सगळीच घरं शोधायला हवीत."

मंजुश्री आणि बाकीच्या मुली त्या घरांच्या मागावर निघाल्या. बरीच कुटुंबं वीटभट्टीवरच सापडली आणि मुलींनी तसंच लिहिलं. पण एक बाई माहेरच्या गावी अंगणवाडी चांगली म्हणून राहायला गेली होती. एक बाळाच्या हृदयावरच्या इलाजासाठी हैदराबादला होती, आणि फोनवर तिचं बाळ मोठमोठ्यानं रडत होतं. त्याच्या रडण्यातला जोर ऐकून मंजुश्रीला कोण आनंद झाला.

पुढच्या आठवड्यात किनवटकडच्या एका घराला कुलूप असल्याचं कळलं. या वेळी अंबरीश सरांनीच फोन केला. "मंजुश्री, कधी निघताय?"

"सर, मी मुदखेड स्टेशनावर उभी हाय. किनवटची गाडी आली बघा," ती म्हणाली आणि फळी सावरत डब्याकडं धावली.