गुढी, खुर्ची आणि लाडवांचा डिंक

पाडव्याला गुढी बांधायला मी घरमालकांच्या आजोबांच्या खुर्चीवर चढलो आणि तिच्या बैठकीची चौकट मोडली. बदली होऊन कलकत्त्याला आल्यावर चार महिने वणवण केली, तेव्हा कुठे ही खोली मिळाली होती. देताना मालकांनी एकच अट घातली होती, या जुन्या खुर्चीला जपायचं. ते बराकपूरला मुलीकडे गेले होते, आणि संध्याकाळी श्रीखंड खायला या, असं आमंत्रण त्यांना मीच देऊन बसलो होतो.

सुताराला बोलवावं, तर तो मालकांच्याच ओळखीचा. सरस आणावा, तर तो जनावराच्या कातड्याचा. माझी आई सणाच्या दिवशी तो घरात येऊ देईना. शेवटी बायकोच्या डब्यातला लाडवांचा डिंक भिजवला, सांध्यात भरला आणि गुढीच्या उरलेल्या सुतळीने चौकट आवळली. दुपारभर बोट लावून बघत होतो. त्या दमट हवेत तो कसला वाळतोय.

मालक आले ते थेट खुर्चीकडे. मी आडवा गेलो, पण त्यांनी हात टेकलाच. चौकट निखळली आणि डिंकाची तार त्यांच्या बोटाला लागून आली.

"आधीच्या भाडेकरूचं काम दिसतंय," मी धीर करून म्हणालो.

"तुमच्या आधी इथे माझी आई राहायची," मालक बोट पुसत म्हणाले. "खोली तुमच्याकडे राहू द्या, बाबू. खुर्ची मी नेतो. तुम्हाला जमीनच बरी, ती मोडत नाही."