दोन वाढई, एक छकडा

मुखरू वाढयानं, म्हणजे गावच्या सुतारानं, केलेलं चाक मोडलं, असं चामोर्शीच्या बाजारात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मोडायचंच नाही हो ते! भाताची पोती लादा, सागाचे ओंडके लादा, वैनगंगेच्या रेतीत रुतवा, खडकावरून आपटा, चाक आपलं जसंच्या तसं. पण त्याच मुखरूचा छकडा शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जुंपला की बैलांची तोंडं उतरत. पटाचा छकडा म्हणजे काय, तर बैल हाकणाऱ्या एका धुरकऱ्यानं जेमतेम टेकावं एवढी दोन चाकांची गाडी. ती उधळल्या बैलांमागे उडत गेली पाहिजे. मुखरूची गाडी मात्र मयतीला निघाल्यासारखी सावकाश जायची.

उडणारा छकडा बांधावा तो वारलूनं. हाही वाढई, ह्याच गावचा, नदीकडच्या टोकाला राहणारा. त्याचा छकडा इतका हलका की बाईमाणसानं उचलून अंगणात फिरवावा. पण चाकं? अरे देवा! दोन पट धावली की तिसऱ्याला आरे खिळखिळे. आणि दोघांचं असं हाडवैर की एकाच्या दारावरून जायला नको म्हणून दुसरा बांधावरून वळसा घालायचा.

"वारलू छकडे नाई बनवत, पतंग बनवते," मुखरू म्हणे.

"मुखरूच्या गाडीले बैल नाई, हत्ती लागते," वारलू म्हणे.

गावाला काय, फुकटची करमणूक! इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगण्यात अर्ध्या गावाचा दिवस मजेत जाई.

हे असंच चाललं असतं, पण मधे आला जावई. मुखरूची एकुलती एक पोर वच्छला गावातच दिलेली. तिचा नवरा बिरजू म्हणजे गुणवंतराव पाटलांच्या पटाच्या बैलांचा धुरकरी. कासरा हातात आला की ह्या माणसाला घरदार आठवत नसे. गेल्या माघात वारलूच्या छकड्यावर बसून त्यानं अर्धा पट मारला, पुढच्या जोडीला गाठलं, आणि तिथंच डावं चाक फुटलं. बिरजू चेंडूसारखा उडाला. खांद्याचं हाड मोडलं. मान वाचली हे नशीब.

आणि आता हा गडी पुन्हा वारलूच्याच छकड्यावर बसायला निघाला होता! सत्तावन्न सालचा माघ. दुसऱ्या निवडणुकीच्या जीपगाड्या धूळ उडवत फिरत होत्या, पण गावात बोलणं एकच. वरोऱ्याकडची नामी जोडी ह्या वर्षी आपल्या पटात येणार!

"माह्या छकड्यावर बसा ना, जावई," मुखरूनं काकुळतीनं म्हटलं.

"मामाजी, तुमच्या छकड्यावर मी जित्ता राहीन, पण हारून घरी आलो तं गाव मले जित्ता ठेवणार नाई."

वच्छला ओसरीवर बापासमोर येऊन बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. मुखरू जेवत होता, त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. पोरीचं कुंकू त्या पतंगावर बसणार आणि आपण चाकं ठोकत इथं स्वस्थ बसायचं?

तो ताटावरून उठला. बांधाचा वळसा न घेता सरळ वाटेनं गेला आणि वारलूच्या अंगणात जाऊन उभा राहिला. वारलूच्या हातातला लाकूड तासायचा वाकस तिथल्या तिथं थांबला.

"काऊन गा? वाट चुकला काय?"

"नाई चुकलो. चाकं माही, छकडा तुहा. बोल."

"म्हंजे माही चाकं खराब, असं सांगाले आला?"

"माह्या जावयाचं हाड कोनाच्या चाकानं मोडलं, ते मी काय सांगू तुले?"

आता हा उसळणार, असं मुखरूला वाटलं. पण वारलू खाली बसला. "तवापासून मी बिरजूच्या तोंडाकडं पाह्यलं नाई रे," तो म्हणाला. मग एकदम मान वर करून, "तुही चाकं जड हायेत पण! आरे बारीक करशील?"

"करतो!"

बस्स! दोघांच्या अंगात वारंच शिरलं. वारलूनं मातीत काडीनं छकडा काढला, मुखरूनं तो पायानं पुसून पुन्हा काढला. दोन चाकं जोडणारा आख तिवसाच्या लाकडाचा, बैलांपर्यंत जाणारी धुरी बांबूची, खिळे कमी, बांधणी जास्त. चाकाच्या मधल्या तुंब्याला भोक तीन बोटं आणि त्यात बसणारं आखाचं टोकही तीन बोटं, असं पक्कं ठरलं. पण काम एकत्र? छे! आपली हिकमत दुसऱ्याला दिसली तर? दोघं आपापल्या घरी गेले आणि दारं लावून ठोकाठोकीला लागले.

आठवड्याभरानं सारा गाव मोहाच्या झाडाखाली जमला. मुखरूनं चाकं गडगडवत आणली, वारलूनं आख खांद्यावर आणला. नारळ फुटला. चाक आखावर चढवलं आणि खडखड, खडखड! उखळात काठी घालून हलवावी तसा आख भोकात नाचायला लागला.

"तीन बोटं म्हटली होती ना बे!" मुखरू ओरडला.

"तीनच हायेत! मोज!"

दोघांनी बोटं लावली आणि गावाला उमगलं. मुखरूची बोटं रताळ्यासारखी, वारलूची झाडूच्या काड्यांसारखी. दोघांनीही बापजाद्यांच्या रिवाजानं स्वतःच्या बोटांनी मोजलं होतं. आणि ह्यात चूक काय, हे दोघांनाही कळेना! गाव पोट धरधरून हसत होतं आणि हे दोघं एकमेकांच्या बोटांचा उद्धार करत होते.

"माह्या बोटानं पुन्हा कर!"

"काऊन? तूच कर माह्या बोटानं!"

वारलूनं आख उचलला आणि घराची वाट धरली. वच्छलाचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मुखरूची बायको शकुबाई पुढे झाली आणि आडवी उभी राहिली. गरीब गाय म्हणून गाव ज्या बाईला ओळखत होतं तिचा आवाज त्या दिवशी पार नदीपर्यंत गेला असेल.

"थांबा वारलूभाऊ! तुमचीबी बोटं नको आन ह्यायचीबी नको. जीव कोनाचा जाऊन राह्यला त्या छकड्यावर? बिरजूचा ना? मंग त्याच्या बोटानं मोजा!"

मागून गुणवंतराव पाटील म्हणाले, "बाई बोलली ते खरं."

दोघांची चूक निम्मी निम्मी, दोघांनाही सगळं नव्यानं करायचं. आता तिथंच, मोहाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बिरजूला मधे बसवलं. तुंबा आला की त्याची बोटं, आख आला की त्याची बोटं, बसायच्या फळीला त्याचीच वीत.

"मामाजी, हात आखडला ना!"

"आखडू द्या. मोडण्यापरीस बरा!"

हसता हसता हिकमती उघड्या पडल्या. कुठल्या जागी लाकूड काढलं तरी चालतं, ते वारलूनं दाखवलं. कुठल्या जागी काढलं तर घात होतो, ते मुखरूनं दाखवलं. मुखरूनं आरे मधोमध तासले. जन्मात पहिल्यांदा इतके बारीक! वाकसाचा प्रत्येक घाव आपल्याच छातीवर बसतोय असं त्याला वाटत होतं. पण छकडा उभा राहिला तेव्हा दोघंही बघतच राहिले. वारलूनं एका बोटानं ढकलला, तो झाडाच्या सावलीबाहेर निघून गेला. "आयला!" मुखरू म्हणाला.

पटाचा दिवस उजाडला. काय ती गर्दी, काय ती धूळ! भज्यांच्या कढया, चहाची पातेली, डफड्यांचा कडकडाट. निवडणुकीची जीपसुद्धा प्रचार सोडून पट बघायला थांबली. वरोऱ्याची जोडी आली तेव्हा लोकांनी श्वास रोखला, एवढे ते बैल देखणे. मुखरू गर्दीतून वाट काढत गेल्या साली जिथं चाक फुटलं होतं त्या उंचवट्यापाशी जाऊन उभा राहिला. पाहतो तर वारलू आधीच तिथं.

तिकडे झेंडी पडली.

सुटल्या हो, सुटल्या! जमीन हादरायला लागली. दोन्ही जोड्या बरोबरीनं, खांद्याला खांदा. बिरजू पुढे वाकलेला, तोंडानं "हुर्र हुर्र" करत. छकडा जमिनीला टेकतोय की नाही कळत नव्हतं. मुखरूची नजर डाव्या चाकावर खिळली. त्या तासलेल्या आऱ्यांवर. आला, आला, उंचवट्यावर आला! चाक हातभर वर उडालं, धाडकन खाली आदळलं, करकरलं, आणि फिरतच राहिलं. धुळीचा लोट अंगावरून गेला. मुखरूनं डोळे मिटून घेतले.

वच्छला धापा टाकत आली. "बाबा, जितलो काय?"

"मले माहीत नाई, पोरी. मी चाकच पाहून राह्यलो होतो." तो वारलूकडे वळला. "तू तं पाह्यलं असशील?"

वारलूनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "नाई रे. मी बिरजूच्या खांद्याकडंच पाहून राह्यलो होतो."

मुखरूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिकडे पटाच्या टोकाला एकच कल्लोळ उठला, "जितला! बिरजू जितला!" लोकांनी बिरजूला खांद्यावर घेतलं होतं आणि तो दोन्ही हात वर करून नाचत होता. वच्छला तिकडे धावणार, एवढ्यात मुखरूनं तिचा हात धरला.

"ते मागून पाहू. आंधी वारलूकाकाच्या पाया पड."