बहात्तर वर्षांची भीमाआजी

यमुताईंच्या घरी कामाला येणाऱ्या भीमाबाईला सगळेच आजी म्हणत. यमुताईंची नात नूपुर बोलायला लागली तेव्हा 'भीमाआजी' म्हणाली, आणि हळूहळू यमुताईसुद्धा तेच म्हणू लागल्या. केस पांढरेफटक, पुढचे दोन दात गेलेले, जिना चढताना भिंतीचा आधार. या वयातही कामाला येते हो, असं यमुताई चारचौघींत कौतुकाने सांगत.

प्रताप नगरातल्या त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने हाडं तपासायचं शिबिर ठेवलं, तेव्हा यमुताईंनीच तिला सोबत नेलं. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखत होते. फॉर्मही त्यांनीच भरला, वळणदार अक्षरात. वयाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. भीमाबाई समोरच बसली होती, पण तिला काय विचारायचं, म्हणून त्यांनी अंदाजाने बहात्तर लिहिलं. स्वतःच्या फॉर्मवर अडुसष्ट.

तपासणाऱ्या मुलीने भीमाबाईची टाच यंत्रात ठेवली आणि बाहेर आलेला कागद वाचला.

"हाडं विरळ झालीत, पण वयाच्या मानाने ठीक आहे, आजी. एवढं चालायचंच."

भीमाबाई जागची उठली नाही.

"वय कितीक लिवलं वं पोरी?"

"बहात्तर."

"मले सत्तावन्नावं लागलं हाय. शाळेचा दाखला हाय घरी. सातवी पास हाओ मी."

मुलीने आकडा बदलून पुन्हा कागद काढला. या वेळी ती ठीक म्हणाली नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा, जिने आणि वजन उचलणं आजपासून बंद, असं सांगून तिने कामाची चौकशी केली. भीमाबाईने सरळ सांगितलं: तीन घरची धुणीभांडी, आणि ताईंच्या ओल्या कपड्यांची बादली रोज तीन जिने चढून गच्चीवर. यमुताई खाली वाकून चप्पल शोधू लागल्या. चप्पल पायातच होती. डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला, त्याच आठवड्यापासून ती बादली भीमाबाईकडे गेली होती.

ऑटोत बसल्यावर त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कधी इचारलं?" भीमाबाई हसली. "बरंच होतं ना. आजी म्हटलं का कप फुटला तरी कोनी बोलत नाही. अकरा-बारा वर्सांनं मोठ्या तुमी, अन् आजी मी."



घरी पोचल्यावर भीमाबाईने पदर खोचला आणि बादली उचलली. यमुताई तिला वर जाऊ नको म्हणाल्या.

"मंग वाळवाल कुठं?"

जागा होती. गॅलरीत पूर्वी तारा होत्या. रस्त्यावरून कपडे दिसतात, बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीच त्या काढून तिथे कुंड्या मांडल्या होत्या.  यमुताई गॅलरीत गेल्या आणि शेवंतीची कुंडी स्वतःच ओढू लागल्या. कुंडी जेमतेम वीतभर सरकली.

"कंबर धरंन तुमची," मागून भीमाबाई म्हणाली. "सरका जराशा."

ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली. आणि यमुताई सवयीने बाजूला झाल्या.