निळी नखं

हे मी कुणापाशीच बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, लेकीपाशी न्हाई, देवापाशी तर मुळीच न्हाई — त्याच्यापुढं हात जोडले की नखं दिसतात. आज तुम्हाला सांगून राह्यले. मधेच अडखळले तर अडखळू द्या.

जालन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला जमनाबाई राहायची. मारवाडातून आलेली लखारीण, म्हणजे लाखेच्या बांगड्या करणारी. नवरा खाटेला खिळलेला. ओसरीवर शेगडी मांडून ही एकटीच लाख तापवायची, बांगड्या वळायची, घरोघर जाऊन भरायची. गल्लीतल्या प्रत्येक नवरीचा चुडा तिच्याच हातचा. निजामाचं राज्य होतं. नखं रंगवायची म्हणजे मेंदीनं, दुसरं काय? पण जमनाबाईनं स्टेशनावर कुण्या मडमेची लाल नखं पाह्यल्ती, अन् घरी येऊन स्पिरिटात लाख विरघळवून तसला रंग केल्ता. एक शिशी लाल. अन् एक निळी — कपड्याची नीळ घालून, सहज, जमतं का पाहायला.

मला निळाच पाहिजे होता. पंधरा वर्षांची होते, हट्टी, शेफारलेली. ती म्हणाली, "पोरी, लाल लाव. निळा बिलकुल न्हाई चालत. उद्या तुला बघायला येणार ना?" मंग मी काय केलं? ती नवऱ्याला पाणी पाजायला आत गेली, तेवढ्यात शिशी उघडली, काडीला कापूस गुंडाळला अन् दहाही नखं रंगवली. स्वतःच्या हातानं. नीट ऐका — स्वतःच्या हातानं. तिनं बाहेर येऊन कपाळावर हात मारला, मंग हसली. "संध्याकाळी ये, स्पिरिटानं काढून देते." मी गेलेच न्हाई. इतकी आवडली होती मला ती नखं!

सकाळी घासायला बसले — राख, चिंच, रिठे — काही केल्या रंग निघेना. तोवर बदनापूरहून पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं माझा हात हातात घेतला अन् तिचा चेहराच उतरला. "अगं बाई! नखं निळी? साप चावल्यासारखी?" आई पांढरीफटक. सगळ्यांसमोर म्हणाली, "हे काय गं?"

"जमनाबाईनं केलं."

आमच्याकडचे असाल तर कळलंच असेल तुम्हाला. रंग लावतात. "केलं" म्हणजे करणी. बायका तो शब्द आवाज खाली आणून बोलतात. मला माहीत न्हवतं का? चांगलं माहीत होतं. "मीच लावलं" हे ओठावर आल्तं हो — पण तसं म्हटलं असतं तर नटवी पोरगी म्हणून सोयरीक तिथंच मोडली असती. करणी झालेल्या पोरीची मात्र कीव येते. आत्यानं मला पोटाशीच धरलं.

दुपारी जमनाबाई दारात उभी. कानावर गेलं असणार. हातात स्पिरिटची शिशी अन् कापूस. "वहिनी, पोरीचा हात द्या फक्त. रंगच हाय तो, जल्दी निघतो. पाहुण्यांसमोर काढून दाखवते." आईनं दार लावून घेतलं. पण ती आई होती, तिला शंका आल्ती. माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "खरंच तिनं केलं का गं?"

दाराच्या पलीकडं जमनाबाई उभीच होती. माझ्याच उत्तरासाठी थांबली होती ना ती? मी म्हटलं, "हो, तिनंच केलं." आणि मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू जाईल असं.

गल्लीतल्या बायकांनी तिनं भरलेल्या बांगड्या आपापल्या हातातून वाढवल्या, फोडून टाकल्या. कुठलंच दार तिला उघडेना. महिन्याभरात नवऱ्याला बैलगाडीत निजवून ती निघून गेली. कुठं गेली, कुणी विचारलं न्हाई. मी पण न्हाई. माझं लग्न त्याच बदनापूरच्या घरात झालं, सुखात नांदले. चीड येते ना माझी? येऊ द्या.

सासरी नव्या सुनांना अजून सांगतात — काकूवर लग्नाआधी करणी झाल्ती, जालन्याच्या एका लखारणीनं केल्ती, देवानं वाचवलं. मी तिथंच बसलेली असते. मान हलवते.