मयताचा नंबर

दत्तरावांची आठवण निघाली की मला आमच्याच साखर कारखान्याची शिसारी येते. बारा वर्षं ते पालमच्या बाजूला सायकलवर उसाच्या नोंदी घेत हिंडले. कुणाचा फड विहिरीजवळ, कुणाचा ओढ्याकाठी, सगळं तोंडपाठ. ब्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्यांना त्या गार खोलीत बसवलं. चपला बाहेर काढायच्या. नारळ फोडायला मात्र झाडून सगळे संचालक हजर.

तोडणीची यादी आता कॉम्प्युटर काढी. एका फाइलीत सभासद, दुसरीत लागवडी. दोन्ही जोडून पडद्यावर जी यादी दिसे तिला 'व्ह्यू' म्हणत. त्यात ज्याचं नाव, त्याच्याच फडात तोडणीची टोळी जायची.

फेब्रुवारीत मनकर्णाबाई एसटीने आल्या. नवरा दोन वर्षांमागे वारलेला.

"दत्तरावभाऊ, शेजाऱ्याचा ऊस गेला. माझा तुरे येऊन वाळायलाय. माझं नाव कामून न्हाई?"

शेतकी अधिकारी पान चघळत म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नसतो, बाई."

त्या दिवशी दत्तराव जेवले नाहीत. जुनी रजिस्टरं काढून एकेक नाव यादीशी ताडत बसले. एक्केचाळीस नावं गायब, आणि सगळ्या विधवा! नवरा गेला की सभासदांच्या फाइलीत बाईला नवा नंबर मिळे. लागवडीच्या फाइलीत मयताचाच राही. नंबर जुळला नाही की व्ह्यू ती ओळ गुमान गाळून टाकी.

"चुकलं म्हणून बोंबललं असतं तरी बरं," दत्तराव मला म्हणाले, "हे तर मुकं चोरटं हाय."

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पण शेतकी अधिकाऱ्यांनी बजावलं, "पुण्याचा इंजिनिअर येईल. तोवर हात लावायचा नाही." टोळ्या कुठे चालल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. संचालकांच्या सोयऱ्यांचे फड भराभर रिकामे होत होते आणि मी काट्यावर बसून त्यांच्याच गाड्या तोलत होतो. तेरी भी चूप, मेरी भी चूप. थू आमच्या जिनगानीवर! दत्तरावही गप्प राहिले. त्यांना तीन लेकी उजवायच्या होत्या.

नवव्या दिवशीही इंजिनिअर आला नाही. तेव्हा दत्तरावांनी कुणालाही न विचारता नंबर बदलले, यादी छापली. मनकर्णाबाई चौथ्या. कागद सदऱ्यात घालून ते सायकलवर निघाले.

बाईंचा फड काळाठिक्कर होता. जळका ऊस भाव कापून का होईना, आधी तोडतात, हे त्या भागात लहान पोरालाही कळतं. जळिताची नोंद साध्या वहीत होई, तिथे कॉम्प्युटर लागत नसे. बाईंनी आदल्या दिवशी स्वतःच काडी लावली होती. आता राखेत टोळीचे कोयते चालू होते.

दत्तरावांनी यादी पुढे केली, चूक कशी सापडली ते सांगितलं. बाईंनी कागद हातात घेतला नाही.

"हे कवा उमगलं तुमाला?"

"तुमी आलता त्याच दिवशी, वैनी."

त्या वळल्या. काळ्या हातांनी मोळी बांधायला लागल्या.