दहा नंबरचा सेट

आधीच सांगून टाकतो... भूत, चकवा असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस. मूळ नाशिकचा, मसाटच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. वायर हाताने तपासल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. पण हे काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आमच्या पॅकिंगमधल्या रमिलाचे वडील, लखमाकाका, जवळच्या अथाल गावात तारपा वाजवायचे. भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं लांब वाद्य ते. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती. चाल बदलली की पाय बदलतात. शेवटची एक चाल फक्त काकांनाच येत होती, आणि दम्याने छाती पार गेलेली.

"साहेब, बाबांच्या मागं ती कोणालाच येणार नाय," रमिला म्हणाली. "कॉम्प्युटरमधे ठेवता येल का?"

मी हौशी! सेन्सरच्या पट्ट्यांचे दहा सेट भाड्याने आणले. कमरेला, पायांना बांधले की पडद्यावर काड्यांची माणसं तशीच नाचतात.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात नऊ जणांना पट्टे बांधले. काकांनीही पाय पुढे केला. "मला नाय बांधत?"

"काका, तुम्ही फक्त वाजवा. मला नाचणाऱ्यांचे पाय हवेत."

ते हसले. "पाय त माझेच हायेत, साहेब. ते नुसते मागं येतात."

दहावा सेट मी बॅटरी काढून पेटीत ठेवला. स्पेअर म्हणून... मूर्ख मी!

शेवटची चाल सुरू होणार, तोच खोकल्याची उबळ आली आणि तारपा तोंडातून सुटला. नऊही जण थांबले. मी काकांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, पाठ चोळत राहिलो. म्हटलं, पुढच्या रविवारी घेऊ. त्या गडबडीत रेकॉर्डिंग चालूच राहिलं.

काका बुधवारी गेले.

महिन्याने रमिला लॅपटॉपसमोर येऊन बसली. "शेवटची चाल मिळाली ना?" काय सांगणार, कपाळ! म्हटलं, आहे तेवढं तरी बघू दे तिला. फाइल उघडली.

पडद्यावर दहा माणसं होती.

नऊ गोलात, एक मध्ये. खोकल्याच्या जागी नऊ थांबली. मधलं थांबलं नाही... दोन पावलं मागे, गुडघ्यात वाकून एक गिरकी, परत पुढे – चाल पुरी करूनच उभं राहिलं.

"बाबा..." रमिला उठली. रडत रडत तिथेच पाय टाकू लागली. "परत लावा, साहेब." सात वेळा लावली.

मधल्या माणसाचा सेट नंबर दहा. बॅटरीशिवाय तो सिग्नल देतो का, मी चार वेळा तपासलं. भाड्याने देणारा फोनवर गुजरातीत वैतागला, "शक्यज नथी, साहेब!"

रमिला आता अथालच्या पोरींना तेच पाय शिकवते. म्हाताऱ्या बायका म्हणतात, हीच ती चाल. मला आनंद व्हायला हवा ना? होतोही. पण जीव थाऱ्यावर नाही. त्या रविवारी ती चाल रेकॉर्ड होत होती, तेवढा वेळ काका माझ्यासमोर खाटेवर होते – माझा हात त्यांच्या पाठीवर होता.

पट्टा त्यांनी मागितला होता. मीच बांधला नाही.

मग बांधला कोणी?